कोरा फ्लॅश

नाशिकच्या आणि आसपासच्या घरांत भिंतीवर हार घातलेले जे फोटो दिसतात, त्यांच्याकडे एकदा नीट बघा. निम्म्याअधिक मयत माणसांच्या डोक्यावर गुलाबी फेटा असतो. काहींच्या कपाळावर अक्षता चिकटलेल्या असतात. एखाद्या आजोबांच्या खांद्यावर कुणाचा तरी परका हात असतो, बोटात नवी कोरी अंगठी, आणि मनगटापासून पुढचा माणूसच गायब. याचं कारण अगदी साधं आहे. आमच्या लहानपणी माणसं फोटो काढून घ्यायची ती बहुतेक लग्नातच. मग माणूस गेला, की घरचे लग्नाचा अल्बम काखोटीला मारून आमच्या दुकानात यायचे, एका ग्रुप फोटोवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्यातला हा काढून द्या, मोठा करून." आम्ही काढून द्यायचो. त्या मृत माणसाच्या मागे उभ्या असलेल्या करवलीची नथ काही केल्या जायची नाही, ती मी ब्रशने निळी करून टाकायची. कित्येक घरांतल्या पूर्वजांच्या कानामागे मी रंगवलेलं आभाळ आहे.

माझे बाबा हे ओळखून होते. ग्रुप फोटो लावताना ते दोन डोक्यांमध्ये चार बोटं जागा सोडायला लावत. "जरा सुटे, सुटे उभे राहा, मोकळी हवा येऊ द्या," असं हसत हसत म्हणायचे. लोकांना वाटायचं, फोटोग्राफर किती शिस्तीचा. घरी येऊन बाबा आईला सांगायचे, "पुढे कापताना बरं पडतं." प्रत्येक लग्नात ते म्हाताऱ्या माणसांचा एक-एक सुटा फोटोही काढून ठेवत. न मागता, न सांगता. आजीबाई मठ्ठा पीत बसल्या असतील तर बाबा त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसायचे, म्हणायचे, "आजी, तुमच्या लग्नात जेवायला काय होतं?" आजीबाईंचा चेहरा उजळायचा, मान वर यायची, आणि खटका पडायचा. माणसाला हस म्हटलं की तो दात दाखवतो, आठव म्हटलं की चेहरा दाखवतो, हे त्यांचं सगळ्यात मोठं तंत्र. त्या फोटोंचं पाकीट वेगळं असायचं. आई त्याला 'पुढची गिऱ्हाइकं' म्हणायची. आमचं घर असं होतं. भयंकर आहे ना? आम्हाला तेव्हा अजिबात वाटत नसे.

इंदिरानगरात आमचं दुकान पुढे आणि घर मागे होतं. मधे एक पडदा. पडद्याच्या पुढे पासपोर्ट, स्थळासाठी काढायचे फोटो, जावळाचे फोटो. पडद्याच्या मागे आईची फोडणी. मुलीला पाहायला येणाऱ्यांसाठी फोटो काढायला आलेल्या किती मुली लसणाच्या ठसक्याने ऐन क्षणी शिंकल्या असतील, त्याची गणती नाही. बाबा चिडायचे. आई आतून ओरडायची, "सासरी गेली की रोज शिंकणारच आहे, आत्ता शिंकली तर काय बिघडलं?" लग्नसराईत फ्लॅश चार्ज होतानाची ती बारीक, वर वर चढत जाणारी शिट्टी सगळ्या घरात भरून असायची. अजूनही कानात तसा आवाज झाला की मला मसालेभाताचा वास येतो. कारण सराईत आमच्या घरी चूल अशी पेटायचीच नाही. बाबा आणि मी दोन्ही वेळा कार्यालयात जेवायचो, आणि आईसाठी कॅमेऱ्याच्या बॅगेतून जिलबी यायची. लेन्सच्या टोपणावर पाक लागला, की आईला शिव्या बसायच्या. आई शांतपणे जिलबी खात राहायची.

मी तेव्हा कॉलेजात होते, पण खरं सांगायचं तर अर्ध्या वेळेची फोटोग्राफर होते. नवरीच्या खोलीत बाबांना जाता येत नसे, तिथे दुसरा कॅमेरा घेऊन मी जायची. भद्रकालीतल्या मुसलमान घरांतल्या लग्नांत तर बायकांकडचं सगळं काम माझंच. आरशातून नवरीचा फोटो घेताना आपला फ्लॅश आरशात पडू नये म्हणून कुठल्या कोनात उभं राहायचं, चष्मेवाल्या मावशींना हनुवटी किती खाली घ्यायला लावायची, काळ्यासावळ्या नवऱ्याशेजारी गोरीपान नवरी असेल तर उजेड कुणाकडून द्यायचा, हे सगळं मी बाबांकडून शिकले. आणि स्टेजवर आहेर सुरू झाले की बाबांच्या डाव्या हाताला उभं राहून माणसं लावायचं कामही माझंच. उंच मागे, लहान पुढे, पदर सरळ, पिशवी खाली.

आता कोऱ्या फ्लॅशबद्दल सांगायला हवं. ऐका, हे आमच्या धंद्यातलं गुपित आहे. आता रोल नाहीत, आणि माझे बाबाही नाहीत, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

आहेराच्या वेळी स्टेजवर माणसांची रांग लागायची. प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी फोटो हवा असायचा. सगळ्यांचे फोटो काढले तर रोल पुरणार नाहीत, आणि लग्नघर तेवढे रोल लावायला तयार नसायचं. मग फोटोग्राफर काय करायचा? फ्लॅशच्या पाठीवर एक बारीक बटण असतं. फ्लॅश नीट चालतो की नाही, ते बघायचं. ते दाबलं की झगमगाट होतो, पण कॅमेऱ्याचा पडदा उघडत नाही. फोटो निघत नाही. समोरचा माणूस डोळे चोळत, खूश होऊन खाली उतरतो. याला आमच्याकडे 'कोरा मारणं' म्हणायचे. सगळेच मारायचे. आणि बाबांची गंमत अशी, की खऱ्या फोटोला ते एकदा "हं" म्हणायचे आणि कोऱ्याला नाटक कंपनी उघडायचे. "जरा जवळ या! नवरदेव, लग्न तुमचंच आहे, हसा! वा, वा, वहिनी, काय साडी आहे!" आणि झगमगाट. मी शेजारी उभी राहून मनात ठरवायची, जितका आरडाओरडा जास्त, तितका फोटो कमी.

कुणाचा खरा काढायचा आणि कुणाचा कोरा मारायचा, हे मात्र आम्ही ठरवत नसू. ते लग्नघर ठरवायचं. त्यांच्यातला एक जाणता माणूस बाबांना दिसेल असा, स्टेजच्या कडेला खाली उभा राहायचा आणि खूण करायचा. कुणी कान खाजवायचा, कुणी खोकायचा.

गंगापूर रोडवरच्या एका कार्यालयात मखमलाबादकडच्या एका माळी कुटुंबाचं लग्न होतं. शेवंती आणि गुलाब पिकवून फूलबाजारात विकणारी माणसं. मुलीचे वडील निवृत्तीअण्णा स्वतःच खूण करायला उभे राहिले. त्यांनी बाबांना सांगून ठेवलं होतं, "मी फेट्याचा सोगा मागं टाकला, की तो आपला नाय." उंच, ताठ माणूस. फेटा इतका घट्ट बांधलेला की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या, त्यामुळे दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा. शेजारी, गाळ्यावरचे ओळखीचे, दूरच्या भावक्या येत होत्या आणि अण्णांचा हात सोग्याकडे, फेट्याच्या लोंबत्या टोकाकडे, जात होता. बाबा जोरात होते.

मग रांगेतून एक मुलगी वर आली. पोपटी साडी, हातात एक छोटीशी पुडी, केसांत शेवंतीची भरगच्च वेणी. नवरीने तिला बघितलं आणि "ताई!" म्हणून गळ्यात पडली. मुंडावळ्या तिच्या खांद्यात अडकल्या, त्या मी सोडवल्या. ही मंदा. निवृत्तीअण्णांची थोरली मुलगी. पिंपळगावला कोल्डस्टोरेजमध्ये काम करणाऱ्या एका मुलाशी, दुसऱ्या जातीतल्या, तिने परस्पर लग्न केलं होतं. तेव्हापासून अण्णांच्या घरात तिचं नाव निघत नव्हतं. हे मला नवरीच्या खोलीत साड्या नेसवणाऱ्या बायकांकडून सकाळीच कळलं होतं. बोलावलं नसताना ती आली होती.

बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि वरून अण्णांकडे बघितलं. मीही बघितलं. अण्णांनी सोगा मागे टाकला.

"वा! दोघी बहिणी, काय शोभतात!" बाबा ओरडले. "जरा गाल जवळ आणा. हं, इकडे, इकडे!" झगमगाट झाला.

मंदाने डोळे इतके ताणून उघडे ठेवले होते की त्यांत पाणी आलं. "दादा, माझे डोळे मिटले असतील," ती म्हणाली. "लय उजेड व्हता. आनखी एक काढता का?"

बाबांनी पुन्हा खाली बघितलं. अण्णांचा हात सोग्यावरून अजून खाली आलाच नव्हता.

"काढू की!" बाबा म्हणाले, आणि दुसराही कोराच मारला. "एकदम झकास आला, ताई."

ती हसली. खाली उतरताना तिने अण्णांकडे बघितलं नाही, अण्णांनी तिच्याकडे बघितलं नाही. पुढे गावचे सरपंच सहकुटुंब वर चढले. अण्णांचे दोन्ही हात खाली आले. बाबा "हं" म्हणाले.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आला तेव्हा पिंपळगावजवळ हायवेवर एक टेम्पो उलटला. पॅकहाऊसमध्ये खोकी भरायला जाणाऱ्या बाया त्यात होत्या. पेपरात बातमी आली तेव्हा आमच्या घरी कुणाचं लक्षही गेलं नाही. त्या टेम्पोत मंदा होती, हे आम्हाला कळलं ते तिची आई, हिराबाई, दुकानात येऊन उभी राहिली तेव्हा. बुटकी, वाळलेली बाई. बोटांची टोकं फुलं तोडून हिरवीकाळी झालेली. मागे निवृत्तीअण्णा, डोक्यावर साधी टोपी.

"भाऊ," हिराबाई म्हणाल्या, "माझ्या मंदीचा फोटो द्या. धाकट्या सुनीच्या लग्नातला. आलबममधी लावायचा राहिलाय."

बाबांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा भिंतीवरच्या नमुन्याच्या फोटोंतल्या एका बाळाकडे बघत होते.

घरात मंदाचे जे फोटो होते ते ती लग्न करून गेली त्या दिवशीच अण्णांनी चुलीत घातले होते. तिच्या नवऱ्याकडे एक होता. हिराबाई पिंपळगावला जाऊन त्याच्या पाया पडल्या होत्या. "तो म्हनला, जिती व्हती तवा नको व्हती, आता फोटो कशाला?" हे सांगतानाही त्यांचा आवाज बाजारात भाव सांगावा तसा सपाट होता. "त्याचं काय चुकलं? पन तुमच्याकडं हाय ना. दोन येळा काढला. म्या सोत्ता बघितलं."

"मावशी," बाबा म्हणाले, "त्या रोलला उजेड लागला. काही फोटो गेले."

"सरपंचाचा नाय गेला?"

बाबा काउंटरवरची कात्री सरळ करून ठेवू लागले.

"मंदीच्या आधी माझ्या बहिनीचा पोरगा व्हता, त्यो हाय. मंदीच्या मागनं सरपंच, त्यो हाय. मधल्या मधी उजेड लागला?"

पडदा बाजूला करून आई बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या. ती बाबांना म्हणाली, "सांगा की खरं. ती आई आहे."

मग बाबांनी सांगितलं. बटण, झगमगाट, रोल वाचवणं. सांगताना त्यांनी फ्लॅश हातात घेतला आणि बटण दाबूनही दाखवलं, आणि त्या उजेडात हिराबाईंचा चेहरा असा पांढराफटक दिसला की आईच्या हातातलं पाणी सांडलं. आयुष्यभर माणसांसमोर नाटक केलेला माणूस, खरं सांगतानाही त्याला काहीतरी करून दाखवावंसं वाटलं. मला बाबांची इतकी लाज आणि इतकी कीव एकाच वेळी पुन्हा कधी आली नाही.

"मंग कुनाचा काढायचा, कुनाचा नाय, हे तुम्ही ठरिवता?"

"घरचं माणूस खूण करतं," बाबा म्हणाले, आणि एवढ्यावर थांबले. त्यांचा चेहरा सांगत होता, की पुढचं ते मेले तरी सांगणार नाहीत. गिऱ्हाइकाचं घर फोडायचं नसतं, हा त्यांचा धर्म.

"कसली खून?"

मी म्हणाले, "फेट्याचा सोगा मागे टाकायची."

हिराबाई अण्णांकडे न बघता, जणू स्वतःलाच सांगावं तसं म्हणाल्या, "दिसभर सोगा मागं टाकीत व्हते. मला वाटलं, फेटा टोचतोय. म्या म्हनलं बी, सैल करून देऊ का."

त्या दोघांत घरी काय झालं ते मला माहीत नाही. आमच्या घरात मात्र बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. "चार लोकांत तोंड उघडायची काय गरज होती?" एवढंच आईला म्हणाले, माझ्यासमोर. तुम्हाला वाटेल, या प्रकारानंतर त्यांनी कोरा मारणं सोडलं असेल. छे! पुढच्याच तिथीला नाशिकरोडच्या एका लग्नात त्यांनी रांगेतल्या अर्ध्या लोकांना अंधारात ठेवलं, भर उजेडात. डिजिटल आलं तेव्हा कुठे ते सुटलं, आणि तेव्हा बाबाच हळहळले. म्हणाले, "आता कुणाचाही निघतो."

पण त्या दिवसांत मी त्या लग्नाचे सगळे निगेटिव्ह काढून बसले. उजेडाच्या पेटीवर एकेक पट्टी ठेवून भिंगातून बघत. निगेटिव्हमध्ये सगळे भुतांसारखे दिसतात, काळे चेहरे, पांढरे केस. पंगतीत शोधलं, अक्षतांच्या गर्दीत शोधलं, वरातीत शोधलं. मंदा उशिरा आली होती आणि जेवायला थांबली नव्हती. शेवटी सरपंचांच्या फोटोत डाव्या काठाला काहीतरी लागलं. स्टेजची पायरी. पायरीवर एक पाऊल. निगेटिव्हमध्ये जांभळट पडलेला तो पोपटी पदर हातात गोळा केलेला, आणि पाठ. पाठीवर शेवंतीची वेणी. चेहरा नाही, नुसता एक कान आणि गालाची किंचित कड. बाबा सरपंचांना "हं" म्हणाले तेव्हा ती खाली उतरत होती.

गंगापूर रोडवरच्या लॅबमध्ये मी तेवढाच भाग मोठा करून आणला. सरपंचांचा अर्धा कोट आत येत होता तो कापायला लावला. मोठं करताना दाणे फुटले होते, त्यामुळे ती मुलगी बारीक पावसात उभी असल्यासारखी दिसत होती. बाबांनी फोटो उचलून बघितला, पाकिटात घातला, आणि गाडी काढून स्वतः मखमलाबादला निरोप देऊन आले.

दोघं आले तेव्हा दुकानात गर्दी होती. साखरपुड्याचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं आणि मुलाची आई. एक कॉलेजचा पोरगा केस विंचरत आरशासमोर. अण्णा दाराशीच स्टुलावर बसले. मी फोटो हिराबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो उजेडात धरला. "ही वेनी माझी," त्या म्हणाल्या. "भटारखान्याच्या मागं बोलावून म्याच माळली व्हती. म्हनलं, फोटोत चांगली दिसशील." मग फोटो उलटा करून पाठीमागे बघितलं, जणू चेहरा त्या बाजूला असेल. मागे कोरा कागद. "ताई, हिला जरा वळिवता येत नाय का? आता मशीनवर समदं करत्यात म्हनं."

मी मान हलवली.

"मोठी करता येती, पन वळिवता येत नाय."

"नाही येत, मावशी."

त्यांनी फोटो खाली घेतला आणि नवऱ्याकडे वळल्या. आवाज तोच, सपाट. "एक हाक मारली असती, तर वळली असती ती."

"चल," अण्णा उठले. "फुलं तोडायची हायेत."

"मारा."

"काय?"

"हाक मारा तिला."

"येडी झालीस का? लोक हायेत."

"तवाबी लोकच व्हते."

साखरपुड्याचं जोडपं एकमेकांचा हात सोडून उभं राहिलं. आरशासमोरच्या पोराचा कंगवा केसांतच थांबला. बाबा कॅमेऱ्याच्या मागे होते, ते तिथेच राहिले. हिराबाईंनी फोटो दोन्ही हातांनी अण्णांच्या समोर धरला, छातीपाशी, पाटी धरावी तसा.

अण्णांनी टोपी काढली. घसा खाकरला. "मंदे," ते म्हणाले, इतकं हळू की मला ओठांवरूनच कळलं.

हिराबाई फोटो धरून उभ्याच होत्या. त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. पण अण्णांनीच पुन्हा हाक मारली. यावेळी मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला मारतात तशी, लांब ओढून, "मंदे! ए मंदे!" आणि मग त्यांना थांबता येईना. रस्त्यावरची माणसं थबकून आत बघू लागली. आई पडदा धरून उभी होती. अण्णा वाकून वाकून त्या फोटोला हाका मारत होते, आणि मंदा वेणी पाठीवर टाकून पायरी उतरत होती.